टोपीखालचे पाणी

सुधाकाकू, कुलथे कुटुंबातील सर्व मंडळी, डेअरीतील काकांचे जुने सहकारी, आणि आमच्या रविवारच्या मंडळातील मित्रहो,

तीस वर्षे मी जपानी भाषा शिकवतो आहे. उभे राहून बोलणे हा माझा रोजचा व्यवसाय. पण रोज पाठीशी फळा असतो. आज पाठीशी दिगंबर कुलथे यांचा, आपल्या कुलथेकाकांचा फोटो आहे, आणि त्या फोटोतही ते 'पुरावा काय?' असेच पाहत आहेत. त्यामुळे बोलणे अवघड झाले आहे. तरी बोलतो.

परवा मी काकूंना भेटायला गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, सहा वर्षं हा माणूस दर रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून कर्वेनगरला तुमच्या सोसायटीच्या वाचनालयात जायचा. तिथं नक्की काय चालायचं, ते मला कळेल असं एकदा सांगा."

काकू, आज मी तेच सांगणार आहे. क्रमाने सांगतो. कोणाला आधीच माहीत असेल, तर त्यांनी कृपया वर्गात ऐकतात तसे ऐकावे, म्हणजे ऐकल्यासारखे करावे.

काकांची नात माझ्या वर्गाला येत असे. तिला न्यायला काका कात्रजहून येत आणि बाहेरच्या बाकावर थांबत. तिथे एक जपानी चित्रकथा पडलेली होती. या चित्रकथांना मांगा म्हणतात आणि त्या उजवीकडून डावीकडे वाचतात. काकांना जपानीचे एक अक्षर येत नव्हते. त्यांनी नुसती चित्रे पाहिली आणि वर्ग सुटल्यावर मला विचारले, "सर, या पोराची ताकद मधेच जाते कुठं?"

नातीने दोन महिन्यांत वर्ग सोडला. काका मात्र ही चित्रकथा वाचणाऱ्या आमच्या रविवारच्या मंडळात सहा वर्षे येत राहिले.

आता तो पोरगा कोण, ते पाहू. त्याचे नाव तामोकू. डोंगरातल्या एका गावात तो हमाली करतो. मुका आहे. गवताची टोपी घालतो आणि ती कधीही काढत नाही. अंगात अचाट बळ, पण कधीकधी ते बळ एकाएकी नाहीसे होते. का? कथा अजून चालू आहे आणि लेखकाने उत्तर दिलेले नाही. अशा वेळी वाचक स्वतः उत्तरे शोधतात. जपानी लोककथांत चमत्कारिक प्राणी पुष्कळ आहेत. तामोकूची शक्ती त्यांपैकी कोणाची, यावर जगभर तर्क चालतात. कर्वेनगरातही चालतात.

माझा सिद्धान्त होता तेंगू. तेंगू म्हणजे डोंगरात राहणारा, लांब नाकाचा, वाऱ्यावर सत्ता असलेला प्राणी. वारा पडला की तामोकूचे बळ जाते, असे माझे म्हणणे. काकांचा सिद्धान्त होता कप्पा. काकू, कप्पा नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे. कप्पा नदीत राहतो. लहान मुलाएवढा, पाठीवर कासवासारखे कवच, आणि डोक्यावर एक खोलगट वाटी. त्या वाटीत पाणी असते. तेच त्याचे बळ. पाणी सांडले की बळ गेले. आणि हा प्राणी कमालीचा सभ्य आहे. तुम्ही त्याला वाकून नमस्कार केलात, तर तोही वाकतो. वाकल्याशिवाय त्याला राहवतच नाही. वाकला, की पाणी सांडते.

काकांनी काय केले? चाळीस वर्षे डेअरीत दूध तपासलेला माणूस. त्यांनी तक्ता केला. तामोकूचे बळ गेले असे सतरा प्रसंग. सतराही वेळा, आधीच्याच चित्रात, तो कोणापुढे तरी वाकलेला. टोपीखाली वाटी आहे, असे काका म्हणाले. शिवाय तो काकड्या खातो, आणि कप्पाला काकडी फार प्रिय.

मी म्हणालो, काकडी तर मीही खातो.

काका म्हणाले, "मग तुम्हीही टोपी काढून दाखवा."

ज्यांनी मला टोपीशिवाय पाहिले आहे, ते हसत आहेत. हसा. काकांनाही ते आवडले असते.

पण माझ्याकडे एक हुकमाचे पान होते. भाग एक्केचाळीस. त्यात तामोकू एका म्हातारीपुढे वाकतो, आणि पुढच्याच पानावर भरलेली बैलगाडी उचलतो. वाकूनही बळ शाबूत. एक अपवाद, आणि सिद्धान्त आडवा. काकांनी कधी आवाज चढवला नाही. दर रविवारी ते कप्पा मांडत, मी एक्केचाळीस म्हणे, ते मान हलवत आणि म्हणत, "पुढच्या रविवारी पाहू, सर."

आमच्या मंडळाचा एक नियम आहे. ज्याचा सिद्धान्त पडेल, त्याने सर्वांसमोर उभे राहून पुरावा सांगायचा, सिद्धान्त मागे घ्यायचा, आणि जिंकणाऱ्याला जपानी पद्धतीने वाकून नमस्कार करायचा. जिंकणाऱ्याने उलट वाकायचे. सहा वर्षांत काकांनी सिद्धान्त मागे घेतला नाही. मला त्याचे नवल वाटे. मनात म्हणे, एवढा पद्धतशीर माणूस आणि एवढा हट्टी.

परवा काकूंनी मला काकांची फाइल दिली. त्यात भाग एक्केचाळीस होता. मीच दिलेली झेरॉक्स. माझ्या पुस्तकावरून प्रती काढून मीच सगळ्यांना पिना मारून देत असे. या प्रतीची पिन मात्र काकांनी काढली होती, दोन पानांची अदलाबदल केली होती, आणि पुन्हा पिन मारली होती. उजव्या बाजूला.

मित्रहो, तीस वर्षे मी मुलांना सांगतो आहे, उजवीकडून डावीकडे. आणि त्या एका भागात, हाताच्या सवयीने, मी डावे पान आधी ठेवले होते. तामोकू मुका, त्या पानांवर एक शब्द नाही. कोणाच्या लक्षात आले नाही. माझ्याही नाही. मूळ पुस्तक माझ्या कपाटात होते, आणि खात्री इतकी, की मी ते उघडलेही नाही.

काकांच्या कसे लक्षात आले? गाडीला एक बादली टांगलेली आहे. दोन्ही पानांवर तिच्याभोवती पेन्सिलचे वर्तुळ आहे. माझ्या क्रमाने पाहिले तर ती आधी अर्धी आहे आणि नंतर काठोकाठ. समासात काकांच्या अक्षरात एकच ओळ आहे: 'पाणी वाढलं कुठून?'

डेअरीतील मंडळी, तुम्ही हसणार हे मला ठाऊक होते. हा प्रश्न त्यांनी तुम्हाला किती वेळा विचारला असेल?

पाणी वाढले नव्हते. आधी गाडी उचलली, तेव्हा बादली हिंदकळून अर्धी झाली. मग तो म्हातारीपुढे वाकला. म्हणजे अपवाद नव्हताच. अपवाद माझ्या पिनेत होता.

मी काकूंना विचारले, हे त्यांना केव्हा कळले? काकू म्हणाल्या, "गेल्या गणपतीच्या आधी. मला दाखवलंसुद्धा. मला काही कळलं नाही, पण स्वारी खूश होती. मी म्हटलं, अहो, मग सरांना सांगा की."

आणि काका काय म्हणाले?

"सांगितलं तर रविवार संपला. मग दहा वाजता मी जायचं कुठं?"

दहा महिने. दहा महिने तो माणूस इस्त्रीचा शर्ट घालून येत होता, उत्तर घरी ठेवून. दर रविवारी मी एक्केचाळीस म्हणत होतो. मला वाटे, मी जिंकतो आहे. आता आठवतो, तेव्हा त्यांचे 'पुढच्या रविवारी पाहू' मला वेगळे ऐकू येते. ते एक अक्षरही खोटे बोलले नाहीत. त्यांना फक्त पुढचा रविवार हवा होता. खरे सांगायचे, तर तो मलाही हवा होता. गेल्या मंगळवारी ते झोपेतच गेले, आणि या रविवारी दहाला मी वाचनालयाचे कुलूप उघडून नुसता बसून राहिलो.

काकू, सहा वर्षे तिथे काय चालायचे, ते हे.

आता नियमाप्रमाणे. भाग एक्केचाळीस, बादलीतील पाण्याची पातळी, तपासणारे दिगंबर कुलथे. तेंगूचा सिद्धान्त मी सर्वांसमोर मागे घेतो.

आता मी काकांना वाकून नमस्कार करणार आहे. आपण सर्वांनी उभे राहून माझ्याबरोबर वाकावे, आणि क्षणभर तसेच शांत राहावे.

काका, नियम तुम्हाला माहीत आहे. पण आज तुम्ही उलट वाकू नका.

पाणी सांडेल.