खुराड्याचं दार आणि रस्त्यापलीकडचं कोर्ट

—नाही हो, तुमचं काही चुकलं नाही, चुकलंय त्या लीलंडचं! बसा, ऑलरेडसाहेब, उभ्या उभ्या ऐकायचं प्रकरण नाही हे. पेटंट म्हणालात ना? कोंबड्यांच्या खुराड्याचं आपोआप बंद होणारं दार—शोध तुमचा आणि शेजाऱ्यानं ढापला. मग इथं काय ठेवलंय? ही काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची इमारत, ओहायो राज्याचं कोर्ट. पेटंटचा खटला चालतो फेडरल कोर्टात, म्हणजे अख्ख्या देशाच्या, म्हणजे ते रस्त्यापलीकडचं, खाली टपालकचेरी आणि वर कोर्ट—जिथून तुम्ही आत्ता आलात! दारावर निळ्या कोटातला उंच माणूस होता ना? तोच लीलंड ब्रॉक. आणि ही त्याची पिवळी चिठ्ठी—‘व्हर्ना, हे बहुतेक तुमचे.’ व्हर्ना म्हणजे मी. बहुतेक म्हणे! एकोणीस वर्षं काढली त्या दारावर माणसानं.

तुम्ही कशाला ओशाळता, सगळ्यांचाच गोंधळ होतो. लोकांना वाटतं कोर्ट म्हणजे कोर्ट. अहो, दोन घरं आहेत ही, दोन वेगळ्या चुली! खून, मारामाऱ्या, मृत्युपत्रं, दत्तक, घटस्फोट, गाडी सुसाट हाकल्याचा दंड—माणूस जगतो-मरतो तो बहुतेक सगळा आमच्याकडे. तिकडे काय, पेटंट, दिवाळखोरी, सरकारवरचे दावे. बँक लुटलीत तर मात्र दोघंही तुमच्या मागे लागतील, तेवढा मान मिळेल. इथं हरलात तर आमचं वरचं कोर्ट, मग राजधानीत, कोलंबसला, राज्याचं सर्वोच्च न्यायालय. तिकडे हरलात तर त्यांचं वरचं, मग थेट वॉशिंग्टन, देशाचं सर्वोच्च. मग वॉशिंग्टन आमच्या कोलंबसच्याही डोक्यावर का? आहे आणि नाही! देशाच्या कायद्याचा प्रश्न असेल तर ऐकतात, तेही मर्जी असली तर. निव्वळ ओहायोचा कायदा असेल तर वॉशिंग्टनचा बाप आला तरी काही करू शकत नाही. आणि जज? आमचे बिचारे निवडणुकीत जत्रेत उभे राहून लोकांच्या पोरांचे मुके घेतात. त्यांचे राष्ट्राध्यक्ष नेमतो, मग मरेपर्यंत कुणी हलवत नाही. घटस्फोट दुसऱ्या मजल्यावर, चार नंबरची खोली. इतकं पाठ कसं? माझाच झाला ना तिथं! वीस मिनिटांत. लग्नाला जास्त वेळ लागला होता.

तर काय सांगत होते—चुकलेली माणसं. रोज आठ-दहा, इकडची तिकडे, तिकडची इकडे. त्यांच्या कागदावर आम्ही चिठ्ठी चिकटवतो, म्हणजे समोरच्याला पुन्हा पहिल्यापासून विचारायला नको. आधी नुसतं ‘मृत्युपत्र, तळमजला,’ एवढंच. मग एकदा लीलंडनं खाली लिहिलं, ‘बाई रडताहेत, पाणी द्या.’ दिलं मी. पुढचा चुकलेला गेला त्याच्याबरोबर कळवलं, ‘प्यायल्या. तुम्ही जेवलात का?’ बस, तिथून सुरू झालं. काय लिहितो आम्ही? काही नाही हो—गुडघा दुखतोय, ओव्हनमधली चेरीची पेस्ट्री करपली, तुमच्या खिडकीतलं झाड वाळतंय. त्याची बायको गेली त्या आठवड्यात मी अकरा माणसं पाठवली. चुकलेली? दोन होती चुकलेली. बाकीची... अहो, चाळीस पावलांचा रस्ता, तेवढ्यानं काही कुणी मरत नाही! एक जण दंड भरायला आला होता, म्हटलं, जरा समोर विचारून या. काय विचारायचं ते त्याला कळलं नाही, पण गेला बिचारा.

मी स्वतः? छे, कधी नाही गेले. काय म्हणून जायचं? माझं तिकडे काम काय? आणि तो तरी कुठं आला! दारावरच्या माणसाला दार सोडता येत नाही म्हणे.

पण एक सांगते, लीलंड चुकायचा नाही. कधीच नाही. मग या आठवड्यात त्याला झालंय तरी काय? सोमवारी एक बाई आली, नटूनथटून, हातात छोटा झेंडा—नागरिकत्वाची शपथ घ्यायला! ती इथं कोण देणार, मी? काल एक पेटंट, आज तुम्ही. म्हातारा झाला, म्हटलं. काल चिठ्ठीत लिहिलंसुद्धा, ‘एकदा डोळे तपासून घ्या.’ —काय म्हणालात? केक? तिकडे कसला केक? दाराशी? ...निरोपाचा. लीलंडच्या. आज?

नाही, मला नाही सांगितलं. ...मुलीकडे, ॲरिझोनाला. कायमचाच? तुम्ही नीट ऐकलंत ना? ...म्हणजे तो चुकत नव्हता. मुद्दाम पाठवत होता. सोमवारपासून माणसामागून माणूस पाठवतोय, त्याच्या तोंडून शब्द फुटेना म्हणून, आणि मी मेली त्याला डोळे तपासायला सांगतेय!

किती वाजेपर्यंत आहे तो? बारा? अगं बाई, बाराला सातच मिनिटं! ते कागद द्या इकडे. अहो द्या, खात नाही मी ते, तुमचा दावा तुम्हीच दाखल करायचा, नंतर. पण रिकाम्या हातानं कशी जाऊ? विचारलं त्यानं ‘काय काम,’ तर काय सांगू? खुराडं तर खुराडं. तुम्ही या, इकडे बसा, माझ्या खुर्चीत. हो, तुम्हीच, दुसरं कोण आहे इथं! कुणी आलं की विचारायचं, ‘काय झालं?’ आणि सगळं ऐकून घ्यायचं. निम्म्या लोकांना तेवढंच हवं असतं. माझे केस बरे आहेत? खोटं बोलताय, पण असू दे. आणि व्हर्ना कुठं गेली म्हणून कुणी विचारलं तर—नाही, तोंड उघडू नका. बसा हो गुमान.