बिअरवरची गोधडी

— शिडी कुठं पळून जातेय, गॅरेजात उभी आहे, नेशील सावकाश. आधी इकडे लाँड्रीत ये. काकू म्हणतोस ना मला, मग काकूचं एक काम कर. अभिनव म्हणतो, आमच्या ऑफिसात बिअरमधलं कळतं ते एकट्या देवव्रतला — तूच ना तो? मग ही बादली बघ, आणि मला खरं खरं सांग. मेली का ही? आठ-दहा दिवस झाले, बुडबुडा म्हणून नाही. आधी कशी बुडुक बुडुक करायची, मी इथं कपडे घडी करत बसायचे तर सोबत व्हायची. सिद्धी नाक धरून पळायची, आज्जी, इट्स स्टिंकी. मी तिला मराठीत सांगायचे, मग ती मला इंग्लिशमध्ये तेच पुन्हा सांगायची.

हसू नकोस, मला सगळं माहीत आहे यातलं. तुमच्याकडे सगळं उलटं, जूनमध्ये हिवाळा; त्यात एक रविवार असा आला, वारा नुसता घर हलवत होता, बाहेर पडायची सोय नाही — तर हा अभिनव पोरिरुआतल्या दुकानातून घरी बिअर करायचा डबा घेऊन आला. हिवाळ्याची बिअर. काळी, जड, दोन ग्लासांत माणूस झोपेल अशी. मी म्हटलं, अरे, तुझ्या बाबांनी जन्मात थेंब घेतला नाही — घेतला असता तर निदान मला बोलायला काही मिळालं असतं — आणि तू माझ्यासमोर दारू गाळणार? तो म्हणाला, आई, नुसती बस, बघ. डबा उघडला तर आत काय, आपली काकवी. अगदी काकवीच, तसाच रंग, चमच्यावरून तशीच सुटत नाही. मग माझ्यानं बसवतंय होय? आणि सूचना वाचल्या तर पहिलीच काय — सगळं उकळत्या पाण्यानं धुवा, औषधात बुडवा, कशाला हात लावू नका, धूळ नको, केस नको. म्हटलं, हे तर सोवळं झालं. आणि आमचे चिरंजीव पळी पँटला पुसत होते. त्याला दाराबाहेर उभं केलं मी. चाळीस वर्षं गौरींचा स्वयंपाक सोवळ्यात केलाय, मला कोण शिकवणार? आंघोळ करून, डोक्याला पंचा बांधून केली मी ही बिअर. उत्तरा म्हणाली, आई, आता फक्त नैवेद्य दाखवायचा राहिला. चांगली आहे रे सून माझी, बोलते फटकळ, पण चांगली आहे. चव? नाही घेतली. नैवेद्याआधी चव घ्यायची माझ्या जिभेला सवयच नाही.

गोधडी ना — ती माझ्याच पातळांची आहे, सिद्धीसाठी शिवून आणली होती. तिला तो युनिकॉर्नवाला डुवे, ते फुगीर पांघरूण, लागतो, म्हणून ही बादलीला मिळाली. डब्यावर लिहिलंय, ऊब पाहिजे, गार पडली तर काम थांबतं. ते मला सांगायला नको, पुण्यात डिसेंबरात इडलीचं पीठ फुगत नाही ते काय उगीच? आता तू म्हणशील, मग गोधडी काढून का ठेवलीय. घसरते. आणि खिडकी — खिडकी वाऱ्यानं उघडते, तुमच्या या गावात वाऱ्याला कोण अडवणार? कडी कशी निघते म्हणून काय विचारतोस, निघते. नाही निघत? बरं. मी काढते. झालं समाधान?

रोज काढते. सकाळी सगळे गेले, गाडी वळणाच्या खाली गेली, की आधी गोधडी काढायची आणि खिडकी उघडायची. गारठ्यानं इथं उभं राहवत नाही, मी आपली स्वेटरवर स्वेटर घालून स्वयंपाकघरात बसते. पाच वाजले की खिडकी बंद, गोधडी जशीच्या तशी गुंडाळायची. सहाला तो येतो, ती काचेची नळी आत सोडतो, वाकून आकडा बघतो आणि म्हणतो, अजून नाही, आई. चोवीस दिवस झाले. आणि मी तोंड पाडून म्हणते, अगंबाई, हो का. असं बघू नकोस माझ्याकडे. विष नाही घातलं त्यात, नुसती हवा दाखवली.

का म्हणजे — अरे, मीच ठणकावून सांगितलं होतं ना येताना. तीन महिने, एक दिवस जास्त नाही. आमच्या सोसायटीतल्या नीलांबरीबाई अशाच लेकाकडे गेल्या आणि राहिल्या, राहिल्या, शेवटी त्यांच्या कपाटाची चर्चा व्हायला लागली, की ते कपाट कधी मोकळं होणार. माझं तसं नको. सांगितलं मी अभिनवला, तर तो म्हणाला, बरं आई. नुसतं बरं आई. एकदा तरी म्हणेल, अगं थांब — नाही म्हणाला. आता मी कशी म्हणू? शब्द मीच दिलेला. मग ही बादली भरली त्या दिवशी म्हणाला, बाटल्या भरायला दोघं लागतात, तेवढ्या भरून झाल्या की तिकिटाचं बघू. मी तेवढं धरून ठेवलं. पुण्यात काय वाईट आहे? काही वाईट नाही. स्वतःचा ब्लॉक आहे, पेन्शन आहे, कामाला बाई येते. हे बारा साली गेले, त्याला दोन वर्षं झाली, सवय झालीय. फक्त संध्याकाळी सहा ते नऊ. सहा ते नऊ फार मोठे असतात रे एकट्या माणसाला, टीव्ही लावला तरी. आणि इथं बरोबर सहाला तो येतो. — हे मी तुला का सांगत बसलेय? विसर.

तू मला एवढंच सांग, माझ्या या उद्योगानं खराब तर नाही ना झाली? मनाला लागलंय ते. पोरानं हौसेनं केलेली वस्तू, आणि मी — थांब, थांब, हात धुतलेस? साबणानं. आणि ती नळी त्या औषधाच्या पाण्यातून काढ, अशी नाही लावायची. हां. आता घाल. सुरुवातीला बहात्तर होता, तेवढं आठवतं मला, जसजशी साखर संपते तसा आकडा उतरतो. काल संध्याकाळी तो अडतीस म्हणाला. परवाही अडतीसच. किती? पुन्हा बघ. चष्मा दे माझा, तिथं पावडरच्या डब्यावर आहे. — सतरा.

सतरा म्हणजे खराब? नाही? मग? झाली म्हणजे काय झाली? अरे, गारठ्यात कशी होईल, मी स्वतः — तिची ऊब तिच्यातच असते? बरं, असेल. कधी झाली असेल मग, काल? आठ दिवस? दहा? म्हणून बुडबुडे गेले. मेली नव्हती, झाली होती. बरं झालं बाई, माझ्या हातून काही —

पण मग काल अडतीस कुठून आला?

नाही, त्याची नजर चांगली आहे. इंजिनिअर आहे, पूल मोजतो, काचेवरचा आकडा त्याला चुकेल होय? आणि चुकला तर एक दिवस चुकेल, दहा दिवस कसा चुकेल. रोज इथं वाकायचा, असा, माझ्याकडे पाठ करून, आणि सरळ होऊन तेच, अजून नाही, आई. मी म्हणायचे, हो का. तो म्हणायचा, बघू उद्या. आणि मी मनात हिशेब करायचे, चला, आणखी एक दिवस पदरात पडला...

काही नाही झालं. ठीक आहे मी. कपड्यांची पावडर उडते इथं, डोळ्यात जाते. तू हसू नकोस, तुला काही कळलेलं नाही, आणि कळलं असेल तर ऑफिसात तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. थांबवून घेतलंय रे मला माझ्या पोरानं, आणि मला सांगितलंसुद्धा नाही गाढवानं. बापावर गेलाय, सगळं पोटात. माझ्यावर? माझ्यावर कशाला जाईल, मी तर सगळं बोलून मोकळी होते.

झाकण लाव, घट्ट. खिडकी? राहू दे उघडी, अजून पाच कुठं वाजलेत. आणि शिडी ने आता, कधीचा उभा आहेस, तुला कामं नाहीत का? चहा नाही मिळायचा आज. त्याला शिरा आवडतो, मला रवा भाजायला घ्यायचाय. नीघ.