शिंपल्यातलं नाव

बघा, बघा काठी, पण शवपेटीवर टेकवू नका हो, अटर्नी — काचेवर चरा पडेल, सांतोचा चेहरा आहे खाली. इकडे पूल खेळायच्या टेबलावर ठेवा. बाहेर पत्ते कुटतायत ना, त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, मयताला एकटं ठेवायचं नाही म्हणून बसलेत बिचारे. वजन बघताय? कामागोंगचं काळं लाकूड म्हणे, मला काय कळतंय — तुम्ही क्यू म्हणता, मी काठी म्हणते. लग्नाच्या पलंगावर मधोमध झोपायची ही. आम्ही घामाघूम, आणि पंखा कुणाला? हिला! लाकूड वाकतं म्हणे. नवरा माझा होता की हिचा, देव जाणे.

आणि ते शिंपल्यातलं नाव — कारागिराचं वाटलं? सगळ्यांना वाटतं. लिगाया आमची मुलगी हो. सांतोनं स्वतः शिंपला घासून अक्षरं बसवली, एक तिरकं आहे बघा — पोरीला ताप होता, मांडीवर घेऊन काम करत होता. बाप म्हणून वाईट नव्हता, कोण म्हणेल वाईट?

मग तिच्या किडन्या गेल्या. तुम्हाला आठवत असेलच, तेव्हाही तुम्हीच आला होतात पैशांचं पाकीट घेऊन, ही काठी विकत मागायला. तो काय म्हणाला? ‘नाव विकलं तर पोर जाईल.’ पोर आत पडून ऐकत होती. तुम्ही भले गृहस्थ, आग्रह केला नाहीत. का नाही केलात हो? मी काठी टॉवेलात गुंडाळून धावले तुमच्या गाडीमागे, पार चर्चपर्यंत, हाका मारत — नाही, तुम्हाला कसं दिसणार, काचा काळ्या होत्या. हे सांतोलासुद्धा सांगितलं नव्हतं. आज कसं आलं तोंडून कोण जाणे. परत आणून भिंतीला लावली, झालं.

पोर गेली. त्यानंतर एक डाव खेळला नाही तो, नुसता काठी पुसायचा आणि रडायचा. कीव यायची, आणि राग तर इतका यायचा —

नको, पाकीट आत ठेवा. त्याच्या हातातली जपमाळ बघितलीत? दोरा कापलाय मी. कापावाच लागतो, नाहीतर मेलेला एकेकाला ओढून नेतो. लिगायाच्या वेळी यानं कापू दिला नाही. ‘राहू दे जोडलेली,’ म्हणाला. नेलंच ना तिनं त्याला! आता काठीही जाणार त्याच्याबरोबर, आणि तीही कापूनच. मधे आटे आहेत, फिरवली की दोन तुकडे सुटतात — माहीत आहे मला. पण फिरवून सुटलेलं परत जोडता येतं, अटर्नी. ही करवत. मी कापते, तुम्ही ते टोक धरा, नावाकडचं.

धरवत नाही?

मग निघा. कॉफी राहू द्या. आणि सरळ घरी जाऊ नका हं, वाटेत कुठेतरी थांबा — मयताच्या घरून निघालेल्याच्या मागे मेलेला येतो. मागून कोण धावत येतंय ते तुम्हाला दिसत नाही, मला ठाऊक आहे.