नितीनच्या कपाटातली बरणी

फुटबॉल वर्ल्ड कपचा विषय काढलात म्हणून सांगतो. त्याची स्टेडियमं बांधली जात होती तेव्हा कतारमध्ये, ओल्ड एअरपोर्ट भागातल्या एका फ्लॅटमध्ये मी, सुधीर आणि नितीन असे तिघं राहायचो. त्यातला नितीन स्टेडियमच्या साइटवर उष्माघातानं गेला. सामान आवरताना त्याच्या कपाटात घरी बिअर करायचा कोरा सेट निघाला. मोठी काचेची बरणी, नळ्या, सगळं.

"विकून टाकू," मी म्हणालो.

"कतारमध्ये? जेलमध्ये जायचंय?" सुधीर भडकला. "घरात ठेवली तरी मरू."

तेवढ्यात नाशिकहून नितीनच्या वडिलांचा फोन. सामानात काय काय आहे, विचारत होते.

"कपडे आहेत काका, आणि एक लोणच्याची बरणी," मी म्हणालो.

"लोणच्याची नाही रे ती. मॅचला मी येणार होतो ना. बापलेक पहिल्यांदाच एकत्र बसणार होतो." मग म्हणाले, "कुणाला देऊ नका. फोडून टाका."