चौतीस मिलिमीटर

कसबा पेठेतल्या सायकलच्या दुकानात मी पंक्चर काढायला थांबलो होतो. माझ्या पुढे साठीचे एक गृहस्थ नव्या फोर्कचा, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याचा, खोका घेऊन सारखे घड्याळ बघत होते.

“सर्जेराव, आज बसवून मिळेल ना?”

“बसणार नाही. तुमच्या फ्रेमची, फोर्क बसतो ती नळी आतून चौतीस मिलिमीटर, वरपासून खालपर्यंत सारखी. या फोर्कचा दांडा खाली अडतीस.”

“मग नळीतला बेअरिंगचा संच, तो हेडसेट, बदला की. नळीत मोठी बेअरिंग घाला.”

“घालायला जागा नको?”

“घासून मोठी करा नळी. उद्या रविवार आहे हो.”

“करतो. सिंहगडाच्या दुसऱ्या वळणाला फाटेल.”

“मग फ्रेमच नवी घेतो.”

“तिला चाकंही नवी लागतील.”

“म्हणजे जुन्यातलं राहणार काय?”

“तुम्ही.”

“सर्जेराव!”

“अहो, हे बघा. ब्रेकचे पॅड मी गेल्याच महिन्यात घातले होते. पार पत्रा लागलाय. अख्खा उतार ब्रेक दाबून उतरता का?”

“खडी असते.”

“पूर्वी नव्हती?”

“मार्चमध्ये पडलो ना, तेव्हापासून आहे.”

“मग फोर्क कशाला बदलताय?”

“लेक पुढे जाऊन खाली थांबते. विचारते, बाबा, एवढा उशीर का? मी म्हटलं, फोर्क जुना झालाय. तिनेच हा मागवला.”

“पॅड घालू नवे?”

“घाला. आणि तिचा फोन आला, तर तेवढं चौतीसचं सांगा.”