एफच्या पुढचा धडा

(गुलमंडीत कापडाच्या दुकानावरच्या खोलीत गिटारचा क्लास. गुरुवार, दुपारचे साडेतीन. वच्छलाबाई दारात उभ्या, हातात कापडात गुंडाळलेली गिटार; वही मास्तरांपुढे.)

वच्छलाबाई: मंग वहीचं शेवटचं पान उघडा, मास्तर. तिथं तुमची सही नाय.

मुकुंद: वही मी ओळखली, काकू. पण तुम्ही कोण, ते आधी सांगाल का?

वच्छलाबाई: ज्यांची वही त्यांची बायकू. वच्छलाबाई. एसटीत डायवर व्हते ते. रिटायर झाल्यावर तुमच्याकडं गिटार शिकायला यायचे.

मुकुंद: कडूबारावांच्या मिसेस का? बसा ना, उभ्या का? ते संक्रांतीनंतर आलेच नाहीत. मला वाटलं, साठीतला नाद, उतरला असेल.

वच्छलाबाई: वारले. संक्रांतीच्या चवथ्या दिवशी. जेवले, ही गिटार मांडीवर घेतली आन बसल्या बसल्या मान टाकली.

मुकुंद: अरेरे. मला कुणी कळवलंच नाही.

वच्छलाबाई: तुमी ना नात्याचे ना गोत्याचे. कोण कळवतंय? वही बघा.

मुकुंद: ई मायनर, सही. ए मायनर, सही. सी, जी, डी. सगळ्यांवर तारीख आहे, सही आहे. एफवर नाही.

वच्छलाबाई: तिथंच अडकले.

मुकुंद: सगळेच अडकतात. एफ कॉर्डला पहिलं बोट आडवं टाकून पहिल्या फ्रेटवर, म्हणजे दांडीवरच्या पहिल्या पट्टीपाशी, सहाच्या सहा तारा दाबाव्या लागतात. एखादी जरी नीट दबली नाही, तरी आवाज भद्द येतो.

वच्छलाबाई: आन तुमी त्यान्ला काय सांगितलं व्हतं?

मुकुंद: माझा नियम सगळ्यांना एकच आहे. कॉर्ड साफ वाजल्याशिवाय पुढचा धडा नाही. वाजली, की गुरुवारी चारला यायचं, मी सही करणार आणि पुढचा धडा लिहून देणार.

वच्छलाबाई: त्याच्याआधी यायचं नाय.

मुकुंद: हो. तसंही म्हणालो. चार पोरांसमोर म्हणालो, जरा तोडून. आता ते फार लागतंय मनाला.

वच्छलाबाई: मालकाला राग नव्हता आला. घरी येऊन म्हणले, मास्तर खरा माणूस हाय, खुशामत करत नाय. तवापासून रोज तीन वाजले की बसायचे. सी, ए मायनर, आन मंग ती भद्द. माझं ऐकून ऐकून पाठ झालं.

मुकुंद: मेहनती होते. माझ्या पोरांना मी त्यांचंच उदाहरण द्यायचो.

वच्छलाबाई: आता सांगते ते ऐका, आन मधी बोलू नका. तेराव्यानंतर पाव्हणे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी म्या भांडी घासायले. आतल्या खोलीतून सी वाजली. मंग ए मायनर. मंग भद्द.

मुकुंद: काकू, अशा वेळी भास होतात. माझी आई गेली तेव्हा मलाही महिनाभर तिची हाक ऐकू यायची.

वच्छलाबाई: भास एकट्याला व्हतो. शेजारची दगडाबाई भिंतीपल्याडून विचारायली, तुमच्याकडं कोण शिकायलंय म्हणून.

मुकुंद: घरात नातवंडं असतील.

वच्छलाबाई: दोन लेकी. एक सोयगावला दिली, एक पुण्याला. घरात म्या एकली.

मुकुंद: मग राग मानू नका, पण तुम्हीच वाजवत असाल. मन थाऱ्यावर नसलं की आपलं आपल्याला कळत नाही.

वच्छलाबाई: हा बघा डावा हात.

मुकुंद: हं. पहिलं बोट...

वच्छलाबाई: लगीन व्हऊन गंगापूरला आले त्याच वरसी कडबा कापायच्या मशीनीत गेलं. दोन पेरं. ह्या बोटानं सहा तारा दबतील का?

मुकुंद: नाही. एफ तर नाहीच.

वच्छलाबाई: मंग गिटारीचं कापड सोडा. तुमाला त्यातलं कळतं.

मुकुंद: या तारा दिवाळीआधी मीच घातल्या होत्या. सगळीकडं गंजल्यात. इथं, पहिल्या फ्रेटपाशी, लख्ख आहेत. रोज दाबल्याशिवाय असं होत नाही. थांबा, वाजवून बघतो.

वच्छलाबाई: काय झालं?

मुकुंद: सुरात आहे. पाच महिने पडलेली गिटार सुरात राहत नाही, काकू.

वच्छलाबाई: पडल्याली नाय, तेच तर सांगायले.

मुकुंद: तुम्हाला भीती नाही वाटली?

वच्छलाबाई: पयल्या दिवशी वाटली. दुसऱ्या दिवशी वाटलं, च्या ठिवावा का. अडतीस वरिस मालक गाडीवर. आज परभणी, उद्या नागपूरला मुक्काम. रिटायर झाले तवा कुठं दुपारी घरात माणूस दिसायला लागलं. दीड वरिस मिळालं मला सगळं मिळून. म्या कशाला भेऊ?

मुकुंद: मग माझ्याकडून काय हवंय? हे बंद व्हावं, असं वाटतं का?

वच्छलाबाई: बंद झालंय, म्हणून तर आले.

मुकुंद: म्हणजे?

वच्छलाबाई: मागल्या हप्त्यात सोमवारी सी वाजली, ए मायनर वाजली, आन मंग एफ वाजली. साफ. मला गाण्याबजावण्यातलं कळत नाय, पण पाच महिने भद्द ऐकल्यावर तेवढं कळतं. भांडं टाकून दाराशी गेले. परत एकदा वाजली, तशीच. त्याच्यानंतर काय नाय. आज अकरावा दिवस. दुपारचं घर खायला उठतंय मला.

मुकुंद: अडकलेलं सुटलं असेल. गेले असतील पुढं.

वच्छलाबाई: कुठं पुढं?

मुकुंद: सगळे जातात तिथं.

वच्छलाबाई: साफ वाजली की गुरुवारी चारला यायचं, हा नेम तुमचाच ना? मालकानं अडतीस वरसांत गाडी एक मिनिट उशिरा काढली नाय. ते कुठं गेले असतील, तुमीच सांगा. मागल्या गुरुवारी चारला इथं काय झालं?

मुकुंद: काही नाही.

वच्छलाबाई: मास्तर.

मुकुंद: जिन्यावर पावलं वाजली. जड, सावकाश. दारापर्यंत आली. मी म्हणालो, या. कुणीच नव्हतं. पोरं हसली.

वच्छलाबाई: आन मंग?

मुकुंद: मग ती कोपऱ्यातली खुर्ची करकरली. कडूबाराव तिच्यातच बसायचे, भिंतीला टेकून. हसणं थांबलं. सगळी पोरं आपापल्या गिटारी उचलून दुसऱ्या बाजूला सरकली. पाच वाजेपर्यंत माझं त्या कोपऱ्याकडं बघायचं धाडस झालं नाही. आज पोरांना सुट्टी दिलीय ती त्यामुळंच.

वच्छलाबाई: वाटलंच मला. घरून उठून इकडं आले. धडा मागायला आले, आन तुमी दिला नाय. मंग काय करतील, बसून राहिले.

मुकुंद: काकू, पावणेचार होऊन गेले.

वच्छलाबाई: म्हणून तर घाईनं आले. सही करा.

मुकुंद: मी ऐकलेलं नाही. न ऐकता सही मी आजवर कुणाला दिली नाही.

वच्छलाबाई: म्या ऐकलं. दगडाबाईनं ऐकलं. तारा तुमच्या डोळ्यांनी बघितल्या. आणखी काय पायजे?

मुकुंद: द्या इकडं. एफ. तारीख. सही. झालं. आता सुटतील ते. तुम्हीही मोकळ्या झालात.

वच्छलाबाई: मोकळं कुणाला व्हायचंय? पुढचा धडा लिहा.

मुकुंद: काय?

वच्छलाबाई: धडा नाय दिला, तर दर गुरुवारी त्या खुर्चीत येऊन बसतील. दिला, तर घरी जाऊन घोकत बसतील. तुमाला कुठं बसलेले पायजेत ते तुमी ठरवा. मला घरी पायजेत.

मुकुंद: तुम्ही काय मागताय ते कळतंय का तुम्हाला? गेलेल्या माणसाला असं धरून ठेवू नये, काकू. जाऊ द्यावं.

वच्छलाबाई: अडतीस वरिस जाऊच दिलं, मास्तर. रोज सकाळी डबा भरून.

मुकुंद: बरं. पेन उघडलं.

वच्छलाबाई: एफच्या पुढं काय असतं?

मुकुंद: तोच हात वर सरकवायचा. सहाव्या तारेवर फ्रेट मोजत जायचं. पहिल्यावर एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए. बोटं तशीच, फक्त जागा बदलते.

वच्छलाबाई: किती दिवस लागतात?

मुकुंद: एफ आली की हे सोपं. दोन दिवस. फार तर चार.

वच्छलाबाई: ते नको. अवघड काय हाय?

मुकुंद: बी फ्लॅट. पहिल्या फ्रेटवर बोट आडवं, आणि तिसऱ्यावर तीन बोटं एकमेकांना चिकटून. कडूबारावांची बोटं जाड, स्टिअरिंग धरलेली. एवढ्या अरुंद जागेत मावायची नाहीत सहजी.

वच्छलाबाई: ती लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, चष्मा घरीच हाय त्यांचा.

मुकुंद: लिहितो. जिन्याखालचं दार तुम्ही लावलं होतं ना?

वच्छलाबाई: कडी घातली व्हती. तुमी लिहा. तिकडं बघू नका.

मुकुंद: पण वर कुणी येतंय.

वच्छलाबाई: येऊ द्या. अक्षर नीट काढा, लागलं पायजे त्यान्ला.

मुकुंद: लिहिलं. बी फ्लॅट. साफ वाजल्याशिवाय येऊ नये. खुर्ची करकरली, काकू.

वच्छलाबाई: शेवटचं परत वाचा. खुर्चीकडं बघून, मोठ्यानं. तुमच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठायचे नाहीत.

मुकुंद: बी फ्लॅट साफ वाजल्याशिवाय यायचं नाही, कडूबाराव. कितीही दिवस लागू द्या. घाई नाही.

वच्छलाबाई: ऐकलं ना हो? चला मंग घरी. तुमी म्होरं व्हा, गिटार म्या घेते.