अर्जुनरावांची फॅट

पाटोद्याच्या दवाखान्यात डॉक्टरांना दाखवून अर्जुनराव आणि त्यांची बायको बायनाबाई पुढच्या बाकावर येऊन बसले, तसा गावच्या दूध सोसायटीत फॅट मोजणारा रुद्रप्पा मागच्या बाकावर रुमालाआड गेला. सकाळीच फॅटवरून त्याचं आणि अर्जुनरावांचं भांडण झालं होतं.

"तुमच्या रगतात लई चरबी हाय म्हनले डॉक्टर, अन् तुमी हसताव?"

"हसू न्हाई तर काय? सोसायटीत आपली एवढी फॅट कधी लागली न्हाई."

"तितं तर मशीन खोटं म्हून रोज भांडताव."

"आगं, दुष्काळात चारा छावणीतला वाळका ऊस खाऊन म्हैस फॅट देनार कुटून?"

"ती देतीया. रातच्या दुधावरची साय पहाटं कोन खातंय?"

"बोटभर."

"वाटीभर! वर भाकर कुस्करून."

"हळू बोल की! म्हंजे म्हशीला अन् त्या रुद्रप्पाला उगंच शिव्या दिल्या म्हन."

"आता साय बंद, तूप बंद, भजी बंद. दूध प्यायचं तर बिनसायीचं, म्हनले."

रुद्रप्पानं रुमाल तोंडात कोंबला.

"बिनसायीचं कुटून आनायचं आता?" बायनाबाईनंच विचारलं.

"कुटून म्हंजे? सोसायटीतून माघारी आनू. मी रोज तेच तर घालतोय."